शांतिसदनाची हरकत

सुनावणीच्या पहिल्या दिवशी माणसे आली आणि दुसऱ्या दिवशी इमारती आल्या.

कार्यालय उघडण्याआधीच त्या फाटकापाशी येऊन पायाची माती झटकत उभ्या होत्या. नव्या इमारत सुरक्षा कायद्याच्या मसुद्यावर हरकत किंवा सूचना असल्यास समक्ष हजर राहावे, अशी जाहीर सूचना मीच काढली होती. कोणी हजर राहू नये हे तिच्यात लिहिलेले नव्हते. त्यामुळे त्यांना परत पाठवण्यास काही आधार नव्हता.

मसुदा मी लिहिला होता, म्हणून सुनावणीही मीच घ्यावी असे वरिष्ठांनी ठरवले होते. माझा आवाज दुसऱ्या रांगेपलीकडे जात नाही, हे त्यांना ठाऊक नसावे. आदल्या दिवशी माणसे कानामागे हात धरून बसली होती आणि काही तशीच उठून गेली. इमारतींच्या बाबतीत ही अडचण आली नाही. मी बोलू लागलो की त्या वाकत.

आमचा शिपाई इरण्णा याने त्यांना रांगेत उभे केले आणि आत येऊन विचारले, "साहेब, चहा माणशी सांगू का मजल्यामागं?"

मी थोडा विचार करून मजल्यामागे सांगायला सांगितले.

"मग कपबश्या पुरत नाहीत," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

एकेक इमारत आत येऊ लागली तसे सभागृहाचे छत वर सरकत गेले. भिंती मात्र होत्या तिथेच राहिल्या. उंचीला कोणाचीच हरकत नव्हती, रुंदी मात्र सर्वांना पुरेना. खुर्च्या आधी कडेला गेल्या, मग एकावर एक गेल्या, आणि माझे टेबल हळूहळू मागच्या भिंतीकडे सरकू लागले.

इमारती जिन्यातून बोलतात. आवाज तळाशी सुरू होतो आणि वळणे घेत वर येतो, त्यामुळे वाक्याचा शेवट सुरुवातीपेक्षा नेहमी थोडा उंचावरून ऐकू येतो. एका व्यापारी संकुलाने सांगितले की त्याच्या मागच्या जिन्यावर साबणाची खोकी रचली आहेत, आणि तेव्हापासून त्याला स्वतःची पाठ जाणवत नाही. एका वसतिगृहाच्या गच्चीच्या दाराला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे त्याला आठवत नव्हते. ते ओशाळून सारखे खिसे चाचपत होते. एका दुकानाच्या दर्शनी भागासाठी जिचा एक खांब कापला होता ती इमारत लंगडत आली. तिला बसायला सांगितले तर म्हणाली, बसले तर पुन्हा उठता यायचे नाही.

मी सगळे लिहून घेत होतो. हे सर्व मसुद्यात आधीच होते, आणि ते पाहून मला बरे वाटत होते.

मग रेवती आली.

रेवती अपार्टमेंट गेल्या साली पहाटे कोसळले होते. हा कायदा तिच्यामुळेच होत होता. ती आत आली तेव्हा काही दिसले नाही, पण सगळ्या इमारती अंग चोरून बाजूला झाल्या आणि सभागृहाच्या मध्यभागी एका इमारतीएवढी जागा मोकळी राहिली. त्यानंतर कितीही गर्दी झाली तरी त्या जागेत कोणी पाय ठेवला नाही. इरण्णाने तिथेही चहा नेऊन ठेवला. कपांवर बारीक पांढरी धूळ बसत गेली.

भिंतीला तडा गेला की त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवतात आणि तिच्यावर तारीख लिहितात. काच शाबूत राहिली तर तडा मेलेला आहे असे समजतात. फुटली तर तडा जिवंत आहे. रेवतीची काच फुटली होती. ती येता-जाता सगळ्यांनी पाहिली होती, आणि रहिवाशांच्या पुढच्या बैठकीत विषय घेऊ असे ठरले होते. म्हणून मसुद्यात मी एक वाक्य घातले: जिची काच फुटेल ती इमारत त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी रिकामी करावी. रिकामी झालेल्या इमारतीतील माणसांनी कुठे जावे, याचे कलम अजून लिहायचे होते. त्यासाठी मी एक पान कोरे सोडले होते.

दुपारी शांतिसदन आले.

मी त्याला पावलांवरून ओळखले. माझा जन्म त्याच्यातला. तळमजल्यावर माझ्या वडिलांचे, अप्पांचे, चार माग होते आणि वरच्या मजल्यावर आम्ही. माग सुरू झाले की आमच्या घराची फरशी थरथरायची, कपाटातल्या वाट्या एकमेकींना लागायच्या, पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळे उमटायची. मला वाटे, पाणी असेच असते. शेजारच्या गावी मामाकडे गेलो तेव्हा पेल्यातले पाणी निश्चल पाहून मी ते प्यायलो नव्हतो. मागांना सुट्टी असे त्या दिवशी मला झोप लागत नसे. अशा वेळी अप्पा पांढऱ्या सदऱ्यातच खुर्ची ओढून बसत आणि पायाच्या अंगठ्याने माझ्या खाटेचा खूर हलवत राहत. हलवता हलवता तेच पेंगत. अंगठा मात्र थांबत नसे.

माग विकून बरीच वर्षे झाली होती. अप्पाही नव्हते. आई वर एकटी राहत होती.

आता दारातून कोणी आत येण्यासारखी जागा नव्हती, तरी इतरांनी श्वास आत ओढला आणि शांतिसदन तिरके होऊन शिरले. त्याच्यामागे दार दिसेनासे झाले. ते थेट माझ्या टेबलापाशी आले आणि वाकले, इतके की वरच्या मजल्याची खिडकी माझ्या तोंडासमोर आली. खिडकीत आई शेंगा फोडत बसली होती.

"रंगा, जेवलास का रे?"

सुनावणीत खासगी बोलणे कामकाजात धरत नाहीत. मी कागद सरळ केले. "आपली हरकत काय आहे?"

"वाळलास की लई," आई म्हणाली. "त्या खानावळीत तेल ओततात नुसतं. कडक भाकरी बांधून देते, घेऊन जा." मग तिने इरण्णाकडे पाहिले. "ह्याला आपण-बिपण कुणी शिकवलं?"

"सरकारनं," इरण्णा म्हणाला.

मी तिला कलम वाचून दाखवले. तिने ते शेंगा फोडत ऐकले आणि मग खिडकीबाहेर हात काढून भिंतीवरचा तडा दाखवला. तो खिडकीच्या कोपऱ्यातून निघून खाली मागांच्या खोलीपर्यंत गेला होता. माझ्या लहानपणी तिथे एक मुंग्यांची वाट होती. आता त्या वाटेवर काचेची पट्टी होती, अखंड, तारखेसकट.

"बघ," ती म्हणाली. "फुटलीय का?"

फुटली नव्हती. मी तसे लिहिणार होतो. पण पट्टीच्या एका टोकाला लाल गंधाचा अर्धा ठिपका होता, आणि तो मला ठाऊक होता. अप्पांच्या तसबिरीवर आई रोज सकाळी गंध लावते. इतक्या वर्षांत काचेवर त्याचा डाग बसला आहे, पुसला तरी जात नाही.

"ही काच इथली नाही," मी म्हणालो.

"इथलीच हाय. माझ्याच घरातली."

मग तिने सगळे सांगितले, भाजीचा हिशेब सांगावा तसे. आमच्या कार्यालयाची माणसे येऊन मी तारीख घातलेली पहिली पट्टी लावून गेली ती आठवड्यात फुटली. ती काढून आईने कपाटाच्या दाराची काच कापून लावली. तीही फुटली. मग घड्याळाची लावली, मग आरशाची, मग मोरीच्या खिडकीची. चिकटवायला सुताला लावायची पिठाची खळ होती, मागांच्या वेळची सवय म्हणून ती अजून घरी शिजवते. तारीख मात्र दर वेळी पहिलीच घातली, कारण ती माझ्या अक्षरात होती आणि तिला ते अक्षर गिरवता येत होते. शेवटी तसबीर उरली.

"त्यांनाच विचारून काढली," आई म्हणाली. "हो म्हणाले."

"आई, खाली ये."

"आणि कुठं जाऊ? ते कुठल्या कलमात हाय?"

मी कोरे पान कागदांखाली सारले. "माझ्याकडे."

"राहिले की तुझ्याकडं. डोळ्याला डोळा लागला नाही." तिने सुपातली टरफले फुंकली. "तुझी खोली हलत नाही रे. मेल्यागत असते."

टेबल आता मागच्या भिंतीला टेकायला आले होते आणि मी त्या दोहोंच्या मध्ये होतो. शेजारच्या इमारतींच्या कठड्यांचे गज माझ्या खांद्यांना लागत होते. या सभागृहाला दुसरे दार असायला हवे होते, हे मसुद्यातच होते. ते कोणत्या बाजूला, हे पाहायला मान वळत नव्हती.

तेव्हा काच फुटली. आवाज अगदी लहान झाला, शेंग फोडल्यासारखा. पण आईच्या हातात त्या क्षणी शेंग नव्हती. सगळ्या इमारतींनी खिडक्या आमच्याकडे वळवल्या. गंधाचा ठिपका मधोमध दुभंगला होता.

इरण्णा कपबश्या गोळा करू लागला. "मी काय ऐकलं नाही, साहेब," तो पाठमोरा म्हणाला.

मी लेखणी उचलली. शांतिसदन हा शब्द लिहिला. पुढे ‘रिकामे’ हा एकच शब्द लिहायचा होता, आणि सूर्यास्ताला अजून अवकाश होता. मध्यभागी रेवतीची मोकळी जागा होती. तिच्यातून एक बारीक वारा येत होता, पहाटेचा, आणि माझ्या कागदाची कड उचलत होता.

"घरात आता काच उरली नाही," आई म्हणाली. "तुझा चष्मा दे."

माझा हात चष्म्याकडे गेला आणि काडीवरच थांबला.

"दे की. एक डोळा पुरे होतो लिहायला."

मी चष्मा काढला. उजवी काच अंगठ्याने दाबताच बाहेर आली. आईने खिडकीतून खळीची वाटी पुढे केली. खळीला तोच वास होता, आंबूस आणि उबदार, ज्यात माझे सगळे बालपण भिजलेले आहे. मी फुटलेली पट्टी काढली, काच तड्यावर ठेवली, दोन्ही कडांना खळ लावली आणि ती सुकेपर्यंत बोटाने धरून राहिलो. मग तिच्यावर तारीख लिहिली. पहिली. अक्षर माझेच होते.

उरलेला चष्मा मी पुन्हा घातला. डाव्या डोळ्याला सभागृह पूर्वीसारखे दिसत होते. उजव्या डोळ्याला शांतिसदन नवेकोरे दिसले, एकही तडा नसलेले, आणि तळमजल्याच्या दारात कोणीतरी पांढरा सदरा घालून उभे होते.

"आता आपली हरकत सांगा," मी इमारतीला म्हणालो.

शांतिसदन तोवर बोलले नव्हते. त्याचा आवाज मागांच्या खोलीतून निघाला, तेलकट जिना चढत वर आला.

"मला थांबता येत नाही," ते म्हणाले. "माग गेले. मालकही गेले. तुमची आई आडवी झाली की मी हलतो. नाही हललो तर ती छताकडे बघत पडून राहते."

"हललात तर पडाल."

"हो."

"मग आपली मागणी काय आहे?"

"तुम्ही सांगाल तसे," ते म्हणाले. "कायदा तुम्ही लिहिताय."

मी कागदांखालचे कोरे पान वर काढले. जे वाक्य सुचे त्याचा शेवट मला येत नव्हता. आईने शेंगांचे सूप बाजूला ठेवले, पदराने हात पुसले आणि खिडकीतून आत सरकली. आत खाट होती, माझीच, तिचा एक खूर अजून थोडा झिजलेला.

"जरा पडते मी," तिचा आवाज आला. "उठले की चहा टाकते. तू हायेस ना हिथंच?"

"आहे," मी म्हणालो.

खाट करकरली. शांतिसदन सरळ झाले आणि सगळ्या खिडक्यांनी माझ्याकडे पाहू लागले. मला वाटते, माझे ओठ हलले असावेत, पण माझा आवाज फार लांब जात नाही, आणि त्या वेळी ते वाकलेले नव्हते.

टेबलावर माझा पाण्याचा पेला होता. पाणी निश्चल होते. मग त्याच्या मधोमध एक बारीक वर्तुळ उमटले, आणि ते काठाला पोहोचण्याआधी दुसरे.