न लावलेलं तेल

दालचिनीच्या पानांचं तेल घ्यायला यसवतीकडे येणारी माणसं बाटलीचं बूच काढून वास घेत, भावावरून दोन शब्द बोलत आणि वाटेला लागत. दिल्हानी मिस तशी नव्हती. ती श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉलहून दोन बस बदलून करंदेणियाला यायची, भट्टीजवळच्या ओंडक्यावर बसायची आणि वहीत टिपून घ्यायची. पानं कधी तोडली, किती दिवस सुकवली, भट्टी किती तास पेटती होती. "एवढ्या चौकशा तर माझ्या आईनं जावई बघतानाही केल्या नव्हत्या," असं यसवतीनं पहिल्याच भेटीत तिला सुनावलं होतं.

मिस गॉलच्या एका कॉलेजात संशोधन करत होती. आजारानं थकलेल्या माणसांच्या जिभेवर पांढरा थर धरतो तो एका यीस्टचा, आणि नेहमीच्या औषधाला ते आताशा जुमानत नाही, असं ती सांगायची. रुग्णांच्या तोंडातून घेतलेलं ते यीस्ट ती काचेच्या बशीत वाढवायची, वर तेलात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची आणि टिकलीभोवती यीस्ट हटतं का ते पाहायची. यसवतीला हे सगळं ऐकायला आवडे. तीस वर्षं ती तेल गाळत होती. तेल पाण्यापेक्षा जड असतं म्हणून तळाला बसतं, कोणत्या पानांचं गडद उतरतं, कोणत्यांचं फिकं, हे तिला ठाऊक होतं. पण ते पुढे कुठे जातं, काय करतं, हे तिला कुणी येऊन सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मिस आली ती वही न काढताच ओंडक्यावर बसली.

"जेवलीस का?" यसवतीनं विचारलं.

"भूक नाही, अम्मा. बहुतेक हे काम सुटणार माझ्या हातून."

यसवतीनं चुलाणात दोन लाकडं सारली आणि तिच्यासमोर बसली. "काय झालं ते नीट सांग."

"तेल लावलेल्या बशीत यीस्ट वाढत नाही, ते ठीक. पण दर खेपेला एक बशी बिनतेलाची ठेवायची असते. तिच्यात ते भरभरून वाढायला हवं. तरच म्हणता येतं की इथे वाढलं, तिथे तेलानं अडवलं. माझ्या बिनतेलाच्या बशीतही काही उगवत नाही. तीनदा झालं."

"मग बियाणंच मेलं असेल."

"फ्रीजमधलं मूळ यीस्ट जिवंत आहे. माझे मार्गदर्शक विजेतुंगा सर म्हणतात, माझा हात चुकतो. यीस्ट उचलायची तार आधी ज्योतीत तापवतात, ती मी निवू देत नाही, म्हणून ते भाजून मरतं. सगळ्यांसमोर म्हणाले." तिनं हाताची बोटं पसरून पाहिली. "मी वीसपर्यंत आकडे मोजून मग तार लावते."

यसवतीला त्या पोरीच्या हाताबद्दल शंका नव्हती. बाटलीवर चिठ्ठी चिकटवतानासुद्धा ती कडा जुळवून घ्यायची. असा हात तीनदा एकच चूक करणार नाही.

"त्या बिनतेलाच्या बशा ठेवतेस कुठे?"

"उबेच्या कपाटात. सगळ्या एकत्रच."

"तेलाच्या बशांजवळ?"

"एकावर एक, एकाच डब्यात. पण झाकणं असतात, अम्मा. तेलाचा थेंबही पोचत नाही त्यांच्यापर्यंत."

शिकलेल्या माणसाला आपण काय सांगायचं, हा यसवतीला संकोच होताच. पण समोरचा चेहरा बघवेना.

"हसू नकोस हं. लग्न होऊन आले तेव्हा आप्पम करायला तांदळाचं पीठ नारळाच्या माडीत भिजवून मी या शेडमध्ये ठेवायचे. इथे ऊब असते, लवकर फुगेल म्हणून. रात्रभर ठेवलं तरी पीठ जसंच्या तसं, दगडासारखं. सासू म्हणायची, हिच्या हाताला गुण नाही. सहा महिने ऐकून घेतलं. मग एकदा शेडमध्ये जागा नव्हती म्हणून पातेलं घरात ठेवलं, तर सकाळी पीठ उतू चाललेलं. तेव्हापासून पीठ शेडच्या आसपास आणत नाही. त्यातही तेलाचा थेंब पडला नव्हता, मिस. नुसता वास पुरे होतो."

दिल्हानी ओंडक्यावरून उठली. मग हळूच म्हणाली, "माडीनं पीठ फुगतं ते यीस्टमुळेच. माझ्या यीस्टचं ते भावंड." आणि पुढची बस किती वाजता आहे ते विचारलं.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. तिनं तेलाच्या बशा एका कपाटात ठेवल्या होत्या आणि बिनतेलाच्या दुसऱ्या खोलीतल्या कपाटात. बिनतेलाच्या बशा सायीसारख्या यीस्टनं भरून गेल्या होत्या. "तुम्ही येऊन बघायला हवं," ती म्हणाली.

यसवतीनं ठेवणीतली साडी नेसली. प्रयोगशाळेत विजेतुंगा सर स्वतः दारापर्यंत आले. उंच, पिकल्या केसांचा माणूस. दिल्हानी बाजूला उभी असतानाच ते म्हणाले, "मी हिच्या हाताला दोष दिला. चूक माझी होती. मी कपाट उघडून बघायला हवं होतं." यसवतीला त्या माणसाबद्दल आदर वाटला. सासूनं हे कधी म्हटलं नव्हतं.

दिल्हानीनं तीन बशा मांडल्या. पहिली पांढरी, गच्च भरलेली. दुसरीत टिकलीभोवती बांगडीएवढं गोल स्वच्छ मैदान. तिसरीत टिकली यीस्टवर नव्हतीच, झाकणाला आतून चिकटवली होती. मध्ये फक्त हवा. तरी खालची बशी कोरी होती.

यसवती तिसऱ्या बशीवर वाकून कितीतरी वेळ उभी राहिली. तीस वर्षं जो वास तिच्या केसांत, लुगड्यात, उशीत मुरला होता तो काय करत होता, हे तिला प्रथमच डोळ्यांनी दिसत होतं.

"हे कुणाच्या तोंडातलं?" तिनं विचारलं.

"घशाला रेडिएशन दिलेल्या एका आजोबांच्या."

यसवतीनं पदर सारखा केला. "माझ्या नवऱ्याचं असंच झालं होतं. सुपारीनं गालाला कॅन्सर झाला, मग ते शेक दिले, मग तोंडभर पांढरं. पाणी गिळवेना. एक दिवस मी बोटावर हेच तेल घेऊन त्यांच्या जिभेला लावलं. ते किंचाळले. सगळं तोंड सोलून निघालं. डॉक्टरांना मी सांगितलं नाही, कुणालाच नाही. नऊ वर्षं झाली." ती थांबली. "म्हणजे, दुवे, माझं चुकलं नव्हतं का?"

आजवर ती दिल्हानीला मिसच म्हणत आली होती. लेक म्हणून ही पहिलीच हाक. दिल्हानीनं तिचा हात धरला.

"तेल निवडण्यात चुकलं नव्हतं, अम्मा. तेल तसंच्या तसं लावलं, ते चुकलं. काचेच्या बशीला जळजळ होत नाही, माणसाच्या तोंडाला होते. किती पातळ केलं तर यीस्ट अडेल आणि तोंड पोळणार नाही, हे तेव्हा तुम्हाला कोण सांगणार होतं? अजून कुणालाच नीट माहीत नाही. मी तेच शोधतेय."

यसवतीनं मान हलवली. रडू आलं नाही. छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावी तसं मात्र वाटलं.

"मग शोध," ती म्हणाली. "कुठलं तेल हवं? कोवळ्या पानांचं की जून? पावसाळ्यातलं वेगळं उतरतं."

पुढची दोन वर्षं तिनं भट्टीच्या प्रत्येक खेपेचं तेल वेगळ्या बाटलीत भरून पाठवलं. अंतिम परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी दिल्हानीला विचारलं, की तेलाची नुसती वाफही यीस्टला अडवते, हा विचार तुला कसा सुचला? दिल्हानी म्हणाली, मला नाही सुचला, आणि यसवतीचं पूर्ण नाव, गाव आणि व्यवसाय सांगितला. परीक्षक बाईंनी चष्मा काढून सगळं लिहून घेतलं, आणि स्पेलिंग बरोबर आहे ना, तेही तपासून घेतलं.