थरथरता तांबडा

मी विमानतळाच्या टॉवरमधला इशाऱ्याचा दिवा बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, उजेड हीच माझी जीभ. रेडिओ मुका झाला की सगळ्यांना माझी आठवण होते. एरवी छताच्या आकड्याला लटकून उगाच झुलत असतो. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही.

मला सर्वांत जास्त हाताळलं ते इथल्या प्रशिक्षकाने. सगळे त्याला दादा म्हणायचे. शिकाऊ पोरांच्या हाती मला देऊन तो स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसायचा. "चुकलास तर ओरडेन, पण हिसकावून घेणार नाही!" त्याचा धाकटा भाऊ धावपट्टीपलीकडचं गवत कापायचा. संध्याकाळी दादा त्याच्यावर माझा पांढरा उजेड लुकलुकवायचा. म्हणजे, बस झालं, परत ये.

मग दादा एकाएकी गेला. छातीत कळ आली आणि खेळ आटोपला. शिकाऊंना टॉवरमधल्याच एक मॅडम शिकवू लागल्या. धाकटा कामावर यायचा, पण कुणाशी बोलेना.

परवा भर दुपारी एका लहान विमानाचं इंजिन बंद पडलं. ते आमच्याच धावपट्टीकडे उतरू लागलं. आणि धाकटा! धावपट्टीच्या अगदी कडेला ट्रॅक्टर थांबवून टॉवरकडे टक लावून बसलेला.

"ट्रॅक्टर, बाजूला हो! अरे ट्रॅक्टर!" शिकाऊ मुलगी रेडिओवर ओरडत सुटली.

"घसा फोडू नकोस, त्याने रेडिओ बंद केलाय. दिवा घे!" मॅडमच्या एका हातात अग्निशमनचा फोन, दुसऱ्यात वैमानिकाशी बोलायचा माइक.

मुलीने मला खसकन ओढलं आणि पांढरा लावला.

"पांढरा? अगं, परत ये म्हणालीस तर तो विमानासमोरूनच येईल!"

"पण दादा त्याला नेहमी..."

"तांबडा! लुकलुकता! चालता हो म्हणावं!"

तिचा हात लटलट कापत होता. माझा झोत गवतावर, चाकांवर, कुठेही नाचत होता. कसाबसा त्याच्या तोंडावर पडला. तो हलेना. माझा जीव नुसता वरखाली. मग एकदम ट्रॅक्टरने उसळी घेतली, गवतात घुसला, आणि मागून विमान धावपट्टीवर आदळत, घसटत थांबलं. वैमानिक स्वतःच्या पायांनी उतरला.

धाकटा जिने चढून वर आला. धापा टाकत म्हणाला, "दिवा कोणी मारला?"

"मी," मुलगी म्हणाली. "हात कापत होता माझा. चुकलंच."

"कापला म्हणून तर कळलं." तो मटकन खाली बसला. "दादाचा उजेड कधी हलायचा नाही. तो असता ना, तर मी बसूनच राहिलो असतो. म्हटलं असतं, ये खाली, धर माझा कान आणि घेऊन जा. पण हा नाचायला लागला, तेव्हा कळलं, वर दुसरंच कोणीतरी आहे. घाबरलंय बिचारं. माझ्यासाठी."

मॅडमनी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

मी पुन्हा आकड्याला आहे, झुलतोच आहे. इतकी वर्षं मला स्थिर हातांचा गर्व होता. आता एवढंच मागणं आहे, पोरांनो. रंग नीट बघा, आणि हात कापत असला तरी मला उचला.