भट्टीचं उघडं दार

भट्टीप्रमुख ताईने वीज तोडायची खूण केली, काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि भट्टीचं दार वर घेतलं. वितळत्या पोलादाचा झळझळीत उजेड थेट ऊर्जा विभागाच्या साहेबांच्या तोंडावर आला, तसे ते चार पावलं मागे सरले. ताई मात्र वाकून आतल्या भिंती न्याहाळत राहिली. त्या भिंती थंड ठेवायला नळ्यांतून पाणी फिरतं. एखादी नळी ठिबकून पाणी पोलादाखाली सापडलं, तर भट्टीचा स्फोट होतो.

"बघा! पोलादाच्या दर वितळणीला दोन मिनिटं दार उघडं. उष्णता चालली आभाळात," साहेब म्हणाले. "टनामागे वीस युनिटं जास्त, तीही फक्त तुमच्याच पाळीत."

"जाऊ द्यात. आभाळालाही थंडी वाजत असेल."

साहेबांना हसू आलं नाही. माणूस वाईट नव्हता, पण आकड्यापलीकडे काही दिसेल तर शपथ! पाणी मोजायला मीटर बसवलेत, हे त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. मीटरला थेंब कळत नाही, हे तिनेही तिसऱ्यांदा ऐकवलं.

पाळी संपल्यावर त्यांनी केबिनमध्ये टाइप केलेला खुलासा पुढे सरकवला. ‘दार नजरचुकीने उघडे राहिले.’

"सही करा, विषय मिटला. मुद्दाम उघडलं म्हणालात, तर तुम्हाला भंगाराच्या यार्डात पाठवावं लागेल. बावीस वर्षांची भट्टी हातची जाईल, ताई."

या भट्टीपर्यंत पोचायला तिने काय कमी टोमणे खाल्ले होते? पण तिने ती ओळ पुन्हा वाचली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"खोटं कशाला लिहू? मी काय चोरी केलीये?"

तिने ओळ खोडली. खाली लिहिलं, ‘मीच उघडले. उद्याही उघडीन.’ आणि सही केली.

पुढच्या पाळीचा भट्टीवाला तेवढ्यात आत आला. भट्टीचं प्रमुखपद त्याच्याऐवजी तिला मिळालं, त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्याने तिच्याशी अबोला धरला होता. त्याने कागद उचलून वाचला. मग तिच्या हातातलं पेन घेऊन तिच्या सहीखाली आपली सही ठोकली.

"अहो, तुमचा काय संबंध?" साहेब उठलेच.

त्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दार अर्धं पुरतं," त्याने ताईला विचारलं, "की पूर्ण घ्यायचं?"

"पूर्ण घे," ती म्हणाली.