दत्तूकाकांचा पहारा

पुढे सरकून बसा, अशा जवळ. मधे जागा राहिली की आवाज त्या जागेतच सांडतो असं आमच्या गावात कीर्तनाला उभे राहणारे बुवा म्हणायचे. ऐका तर, एक लहानशी गोष्ट आहे. तिच्यात राजा नाही, राक्षस नाही. एक यंत्र आहे आणि एक वीणा. गोष्ट सुचिताची. सांगता सांगता मधेच ‘मी’ म्हणाले तर समजून घ्या, बाई एकच.

...तर ते काळं बोंड. इअरफोनचं. शेवंताबाईंच्या उशीवर पडलेलं, रबराची टोपी तेलाने चकाकणारी, आणि आतून टाळ-मृदंग येत होते, मुंगीएवढे झालेले, तरी लयीत. सुचिताने ते उचललं, ओढणीला पुसलं, सासूच्या कानात परत बसवायला वाकली. खुब्याचं हाड मोडल्यापासून देऊळ या बाईच्या कानात आलं होतं. गोठिवलीच्या गल्लीत, पन्नास पावलांवर खरं देऊळ असूनही.

“काल मधीच थांबला,” शेवंताबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “बुवा बोलतच व्हते नि गप झालं.”

“जागा लहान पडते, आई. नवीन बघतेय.”

“सप्ता उद्याला बसतंय ना गो?”

“हो.”

“मंग?”

सुचिता लॅपटॉपकडे वळली. लग्न होऊन या घरात आल्यापासून शेवंताबाईंचा एकही सप्ताह चुकला नव्हता. बाळंतपणात त्यांनी तो खिडकीतून ऐकला होता, नवरा गेला त्या वर्षी भिंतीला टेकून. आणि आता, आयुष्यात पहिल्यांदा, तो त्यांच्यापर्यंत पोचणार की नाही हे सुनेच्या लॅपटॉपवर ठरायचं होतं. आजच. कारण देवळातलं कीर्तन इंटरनेटवरच्या ज्या भाड्याच्या जागेवरून घरोघर ऐकू जायचं, तिथे एकाच यंत्रावर पुष्कळ बिऱ्हाडं होती, आणि सप्ताहात आमच्या बिऱ्हाडी इतके पाहुणे यायचे (उरणला दिलेल्या मुली, जहाजावरची पोरं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं) की मालकाने हात जोडून सांगितलं होतं, ताई, तुम्ही आता स्वतःचं यंत्र घ्या. संध्याकाळी ही खोली बंद.

स्वतःचं यंत्र. डेडिकेटेड सर्व्हर. ऐरोलीच्या कंपनीत तिने अनेक वर्षं दुसऱ्यांची यंत्रं सांभाळली होती, पण तिथे चुकलं तर पाठीशी अख्खा मजला असायचा. इथे देवळाच्या दानपेटीवर चालायचं, म्हणजे स्वस्तच हवं, आणि स्वस्त म्हणजे अनमॅनेज्ड... यंत्र तुमचं, आत काय घालायचं ते तुम्ही घाला, बिघडलं तर तुम्ही बघा. तिसरी ती महागडी सोय, जिथे त्यांचीच माणसं सगळं करून देतात, तिच्याकडे तिने मिठाईच्या दुकानाकडे बघावं तसं एकदा बघून घेतलं होतं. उरली दोन यंत्रं. पहिलं अगदी स्वस्त, नुसतं यंत्र. दुसरं जरासं वर, यंत्र आणि त्याच्याकडे जायची एक वेगळी वाट: यंत्र बंद पडलं, बोलेनासं झालं, तरी घरबसल्या त्याचा पडदा दिसतो, त्याची कळ दाबता येते. दुसऱ्यावाल्यांनी एक यंत्र वापरून बघायला दिलं होतं आणि आज त्याचा शेवटचा दिवस होता.

सकाळी तिचं मन पहिल्याकडेच होतं.

“वेगळी वाट कशाला?” मिथुन, तिचा नवरा, वाशीच्या मार्केटमधून येऊन पंख्याखाली बनियनवर बसला होता, अंगाला अजून कांद्याचा वास. “महाप्यालाच हाय ना मशीन? ती पांढरी बिल्डिंग गच्चीवरनं दिसतंय. काय झालं तर स्कूटर काढायची, जायचं, दोन थापट्या मारायच्या.”

“आत सोडतात का कुणाला? दारावर बोटाचा ठसा लागतो.”

“माझा बा ज्या शेतात नांगर धरायचा त्यावर ती बिल्डिंग हाय. नि माझ्याच बायकोला आत नाय!” तो हसला. रागाने नव्हे; राग त्याच्या बापानेच कधीचा उतरवून ठेवला होता, तोच त्याला मिळालेला वारसा. मग जेवता जेवता म्हणाला, “पन एक सांग, ते मशीन एकदा तरी बंद करून चालू केलंस काय?”

“का?”

“आमचा काटा आमी रोज सकाळी रिकामा करून शून्यावर आनतो. नाय तर कालचं वजन आजच्या गोनीत जातंय.”

सुचिताने भात वाढला. कसं सांगावं... की तिने ते यंत्र सुरू केलं त्या दिवशी हळदकुंकू वाहिलं होतं, म्हणजे लॅपटॉपच्या कोपऱ्याला, यंत्र तर महाप्याला. आणि मनाशी म्हटलं होतं की ही आपली वीणा. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. सात दिवस, सात रात्री ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते, पहाऱ्यापहाऱ्याने. म्हणून या यंत्रालाही तिने एकदासुद्धा झोपवलं नव्हतं. त्यावर काय काय बदललं, जुनी डिस्क पुसून नव्याने तयार केली, जुनी कीर्तनं तिच्यावर चढवली, सगळं चालत्या यंत्रावर. ऑफिसात असं कुणी केलं असतं तर तीच ओरडली असती. पण देवाच्या कामात आपण शहाणपण चपलेसारखं बाहेर काढून ठेवतो की काय कोण जाणे.

“करून बघ,” मिथुन ताटावरून उठत म्हणाला. “उद्या बसल्यावर पडन्यापरीस आज पडू दे.”

तिने बटण दाबलं. मनातल्या मनात वीणेची क्षमा मागितली.

यंत्र गेलं. आणि आलं नाही.

हाक मारली... नाही. पुन्हा. नाही. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, आतल्या खोलीत बोंडातले मुंगीएवढे टाळ वाजत होते — ते जुन्या जागेवरून, अजून संध्याकाळपर्यंत — आणि सुचिता पुन्हा पुन्हा हाक मारत होती. म्हणजे उद्या सकाळी वीणा उभी राहील, बुवा उभे राहतील, आणि शेवंताबाईंच्या कानात नुसतं रबर. डोळे न उघडता त्या म्हणतील, मंग?

तिने यंत्रवाल्या कंपनीला फोन लावला. पलीकडे संघमित्रा नावाची मुलगी होती, आवाज झोपेतून उठवल्यासारखा मऊ.

“ताई, हे अनमॅनेज्ड आहे. म्हणजे भिंती, लाइट, थंड हवा आमची. घरात आम्ही पाऊल नाही टाकत.”

“पण ते उठतच नाहीये हो!”

“तुम्ही कन्सोल, म्हणजे मशीनचा पडदा, बघितला का?”

“...नाही.”

“अहो ताई, त्यासाठीच तर ते मशीन घेतात लोक!” ती हसली, मग लगेच हसू आवरून म्हणाली, “रडू नका हां. मोठं मशीन झोपलं ना, तरी त्याच्या पोटात एक छोटीशी पाटी असते, तिची वायर वेगळी, ती झोपत नाही. तिच्याकडून आत जा. मी लाइनवर थांबते. करायचं तुम्हीच, मी फक्त थांबते.”

मी रडत होते हे मला तिच्यामुळे कळलं.

लॅपटॉपवर खिडकी उघडली. काळा पडदा. सुचिताने दुरूनच कळ दाबून यंत्र पुन्हा उठवलं आणि आता ते उठताना ती बघत होती. जणू यंत्रासमोर बसून. महाप्याच्या त्या पांढऱ्या भिंतींच्या आत, सासऱ्याच्या शेतावर. पांढऱ्या ओळी भराभर वर गेल्या आणि एका ओळीपाशी थांबल्या. तिथे फुलीसारख्या छोट्या लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकू लागल्या, पायावरचा भार बदलावा तशा. ओळीचा अर्थ एवढाच होता: अमक्या डिस्कची वाट पाहतो आहे.

कुठली डिस्क? ती तर तिने पुसली होती. नव्याने केली तेव्हा तिला नवी ओळख मिळाली, आणि उठताना कुणाची वाट बघायची ती सूचना मात्र जुनीच राहिली. यंत्र इतके दिवस झोपलंच नाही म्हणून ते उघडकीला आलं नाही. आता ते उभं होतं. जी नाही तिची वाट बघत. शहाण्यासारखं, आज्ञाधारक, लाल चांदण्यांचा भार या पायावरून त्या पायावर टाकत...

...आणि आबा तसेच उभे होते.

लग्नाचं पहिलं वर्ष. सप्ताहाची दुपार, देवळात फरशी तापलेली, माणसं जेवून आडवी झालेली. आबांचा, म्हणजे सासरे शिवाभाऊंचा, पहारा संपला होता, पुढचा दत्तूकाकांचा. दत्तूकाका तळोज्याला रसायनाच्या कारखान्यात, पाळी संपवून थेट यायचे, अंगाला येणारा तो आंबूस वास धुवायला देवळामागच्या नळाखाली आधी आंघोळ, मग टिळा, मग वीणा. कधी चुकले नाहीत. आवाज चांगला नव्हता त्यांचा, अभंग कधी कुणी म्हणायला दिला नाही, माइकजवळ कुणी येऊ दिलं नाही. ते दुपारी यायचे. सगळे झोपलेले असताना. एवढंच त्यांचं कीर्तन.

त्या दिवशी ते आले नाहीत. आबा उभेच. वीणा खाली ठेवायची नाही, कुणाला हाक मारायची तर नाम थांबतं. पाय सुजून धोतराखाली खांबासारखे झालेले, नजर दाराकडे. आणि दारात माणसं गोळा झाली होती, कारण निरोप आला होता. तळोज्याच्या बसथांब्यावर, उभ्या उभ्याच... छातीत कळ. निरोप सगळ्यांकडे होता, आबांना सांगायची कुणाची छाती नव्हती. मोठी मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती.

सुचिता चहा घेऊन आली होती. नवी सून. वीणेला हात लावलेला नव्हता कधी. गावात बाई पहाऱ्याला उभी राहिलेली नव्हती. तिने चहा खाली ठेवला आणि म्हणाली, “आबा, दत्तूकाका नाय येनार आता. आना हिकडं.”

ते शब्द कुठून आले? माहेरची मी तळेगावची, ही बोली तोवर माझ्या तोंडात बसलीही नव्हती. आबांनी तिच्याकडे बघितलं. समजले. नाम थांबलं नाही; फक्त जरा ओलं झालं. त्यांनी गळ्यातला पट्टा काढून तिच्या गळ्यात घातला आणि रिवाजाप्रमाणे पाया पडायला वाकले, सुनेच्या. ती पण वाकली. डोकं डोक्याला लागलं. दारातलं कुणीतरी तोंड उघडणार होतं. शेवंताबाई पुढे आल्या, “कोन काय बोलला तं उद्याचा परसाद मी रांधनार नाय,” आणि नवऱ्याला धरून भिंतीशी नेलं.

वीणा पडली नव्हती. पण हात बदलला होता. हात बदलला म्हणूनच पडली नव्हती... हे एवढं मला इतक्या वर्षांत का दिसलं नाही? मी खाली न ठेवण्याला धरून बसले, देण्याघेण्याला विसरले.

“ताई? आहात ना?” फोनवर संघमित्रा.

“आहे.”

पडद्यावर चांदण्या थांबल्या होत्या आणि यंत्र हरून परवलीचा शब्द मागत होतं. तिने तो दिला. आत गेली. जुन्या डिस्कची ओळख खोडली, नवी लिहिली, आणि लिहिताना ओठ हलले असावेत, कारण पलीकडून आलं, “काय म्हणालात?”

“तुम्हाला नाही. त्याला म्हटलं, आता नाही येणार ते. आण इकडे.”

संघमित्राने काही विचारलं नाही. किती भली माणसं असतात जगात, न विचारणारी.

यंत्र उठलं. जुनी कीर्तनं जागच्या जागी. सुचिताने तेवढ्यात हेच यंत्र, वेगळ्या वाटेचं, नक्की केलं, मिथुनला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मंग स्कूटरचं काय?” आणि ती म्हणाली, “स्कूटरवरून जिलेबी आणा. काट्यासाठी.” त्याला कळलं नाही; पण जिलेबी कळली.

मग तिने जुन्या जागेवरचं सगळं नव्याकडे वळवलं आणि आतल्या खोलीत गेली. शेवंताबाईंचं बोंड पुन्हा उशीवर घसरलेलं. तिने ते आपल्याच कानाला लावलं. तिच्या लग्नाआधीच्या कुठल्याशा सप्ताहातली दुपार. बुवा नाहीत, मृदंग नाही, लांबून एक बेसूर आवाज, नाम घेणारा, मधे खोकणारा, पुन्हा घेणारा. माइक बंद करायचा राहिला असेल. त्या आवाजाला तिने इतकी वर्षं ‘खरखर’ म्हणून काढून टाकायचं ठरवलं होतं, वेळ मिळाला नाही म्हणून राहिला. देवा, वेळ दिला नाहीस ते बरं केलंस.

“कोन हाय गो?” शेवंताबाईंनी विचारलं.

“तुम्हीच सांगा.” तिने बोंड त्यांच्या कानात बसवलं.

त्या ऐकत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, आणि त्यांनी पांघरुणाखालून हात काढून सुनेच्या मनगटावर ठेवला.

दिवे लागायची वेळ. सुचिता परत लॅपटॉपशी बसली. उद्या काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं. गर्दी झाली तर यंत्र टिकेल की नाही, अजून कुठली जुनी वाट बघणं आत राहून गेलंय की काय. तिने आपण होऊन, कुणी न सांगता, पुन्हा ते बटण दाबलं. पडदा काळा झाला. या खेपेला तिने क्षमा मागितली नाही. दोन्ही हात जोडले आणि किंचित वाकली, जसं समोर कुणी वाकलंय, डोकं डोक्याला लागेल इतक्या जवळ.

काळ्या पडद्यावर अजून काही उमटलेलं नव्हतं. तिला घाई नव्हती.

एवढीच गोष्ट. उद्या तुम्ही आमचं कीर्तन ऐकाल, बुवांना डोक्यावर घ्याल, घ्या, त्यांचा तो मान आहे. पण दुपारी, सगळे निजलेले असताना, मागून कुणी बेसूर नाम घेत असेल तर आवाज कमी करू नका. तळोज्याच्या दत्तूकाकांची तेवढी आठवण ठेवा.