पुढे की बुडे

मित्रांनो, रामराम. एक जुनी चिपळी तुमच्याशी बोलते आहे; जरा जवळ येऊन बसा. खरे तर 'मी' म्हणायचीही मला चोरी आहे, कारण एकटी चिपळी कधी वाजत नाही. माझी जुळी बहीण समोर असते, म्हणून माझ्या बोलण्याला नाद.

माझा जन्म तमिळ मुलुखातल्या, मराठी राजांच्या जुन्या तंजावरात, वीणा घडवणाऱ्या एका सुताराच्या अंगणात झाला. फणसाच्या ओंडक्यातून वीणा कोरून झाली आणि वीतभर तुकडा उरला. तो चुलीत जायचा, पण तेवढ्यात बाळकृष्णराव दारात आले. ते हायस्कुलात इतिहास शिकवीत आणि संध्याकाळी देवळात कीर्तन करीत. तुकडा हातात घेऊन ते सुताराला म्हणाले, "वीणा मोठ्या सभेला जाऊ दे. हे लेकरू माझ्याबरोबर रामाच्या दारी येईल."

मग आम्ही दोघी घडलो. आमच्या पोटात पितळी चकत्या बसल्या. पहिल्याच कीर्तनात बाळकृष्णरावांनी विभीषण शरण येतो ते आख्यान लावले. काय सांगू तुम्हांला तो रंग! शत्रूचा भाऊ दारात उभा. रामचंद्राने ठरवले असते तर एका शब्दात निकाल दिला असता. पण तो देवांचा देव आधी सुग्रीवाला विचारतो, अंगदाला विचारतो, जांबवंताला विचारतो, हनुमंताला विचारतो. सगळ्यांचे ऐकून घेतो आणि मग बोलतो. "राजा कसा ओळखावा?" बाळकृष्णराव विचारीत. "जिभेवरून नव्हे, कानांवरून." आणि मी खण्णकन वाजत असे.

आमच्याकडच्या कीर्तनात बुवांच्या मागे एक जण गाणारा असतो. बुवांनी ओळ सोडली की त्याने ती अचूक उचलायची. त्याचे लक्ष क्षणभर हलले तर कीर्तन लंगडे पडते. १९५७ साली ही मागची जागा सोळा वर्षांच्या कनकलतेकडे होती. ती बाळकृष्णरावांचीच शाळेतली विद्यार्थिनी. घरी मराठी, शाळेत तमिळ. गळा गोड आणि कान त्याहून तयार.

एके दिवशी तिने मागे बसायचे सोडले.

"काय गं, घसा बसला की काय?" बाळकृष्णरावांनी विचारले.

"नाही सार. मी आतां समोरच बसणार."

"समोर बसून काय करणार?"

"पुढारी होणार," ती म्हणाली आणि वहीत नाक खुपसून बसली. रावांना हसू आले, पण मागची जागा रिकामी राहिली, ती मला फार टोचली.

आता त्या शाळेतली सभा सांगते. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला वर्गाची लोकसभा भरे. ही बाळकृष्णरावांची कल्पना. देश स्वतंत्र होऊन जेमतेम दहा वर्षे झालेली. ते म्हणत, उद्या हा गाडा हाकायचा तो ह्याच बाकांवरच्या मुलांनी, मग हाकायला आजच शिकू देत. हेडमास्तर शेषाद्रींना मात्र तो तास गणिताला हवा होता. मुलांना शांत करायला आम्हां दोघींना शाळेत नेत. सभा अर्थात तमिळमध्ये चाले. मी तुम्हांला आपल्या भाषेत सांगते.

त्या शुक्रवारी विषय होता, कालव्याचे पाणी आधी कोणाला. कावेरीच्या मुलुखात ह्याहून मोठा विषय नाही. कालव्याच्या शेवटच्या गावचा सांबशिव बोलायला उठला. कनकलता वरच्या गावांच्या बाजूने होती. सांबशिवाचे पहिले वाक्य पुरे व्हायच्या आत ती ताडकन उभी राहिली.

"पाणी पुरत नाही तर विहीर खणा की. रडायला सभेत कशाला येतां?"

"माझे बोलणे तर संपू दे."

"संपेपर्यंत कालवा सुकेल."

मुले हसली, सांबशिव लालबुंद झाला आणि त्याच्या बाजूची मुले बाकांवर चढली. शाईची दौत कलंडून जमिनीवर निळा ओहोळ वाहू लागला. मी घसा फुटेस्तोवर वाजले, पण कोण ऐकतो. दारात हेडमास्तर उभे होते.

"हीच तुमची लोकसभा?" ते शांतपणे म्हणाले. "बाळकृष्णराव, पुढच्या शुक्रवारी शिक्षणाधिकारी येत आहेत. दिल्लीला देशभरातल्या विद्यार्थ्यांची सभा भरणार आहे, तिच्यासाठी त्यांना एक मूल निवडायचे आहे. त्यांच्यासमोर असा गोंधळ झाला, तर हा तास त्या दिवसापासून गणिताचा."

सगळे गेले. कनकलता फडक्याने शाई पुसत राहिली. बाळकृष्णराव तिच्याजवळ खाली बसले.

"तू असे कां केलेस, बाळ? तू तर ऐकणारी मुलगी."

तिचे डोळे भरून आले. "तुम्हीच लिहून दिलें ना, सार. मागे राहून ऐकेल तो बुडेल म्हणून."

"मी?"

तिने वही उघडली. पहिल्या पानावर त्यांच्याच हातची ओळ होती. मित्रांनो, आमच्याकडची मुले मराठी बोलतात, पण बहुतेकांना देवनागरी येत नाही. म्हणून रावांनी ती मराठी ओळ तमिळ अक्षरांत लिहून दिली होती. आणि तमिळमध्ये 'प' आणि 'ब' यांना एकच अक्षर, 'ड' आणि 'ढ' यांनाही एकच. रावांनी लिहिले होते, 'मागे राहुनि जो ऐके, तो पुढे.' कनकलतेने वाचले होते, 'तो बुडे.'

बाळकृष्णरावांनी कपाळाला हात लावला. मग ते हसू लागले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अरे रामा, मी पोरीला तारायला गेलो आणि बुडवून बसलो."

कनकलता मात्र हसली नाही. "सभा बंद झाली तर माझ्याचमुळें ना, सार?"

"तुझ्यामुळे नव्हे, माझ्या आळसामुळे. अक्षरे शिकवायची सोडून मी ओळ शिकवली." त्यांनी तिथेच खडू उचलला आणि फळ्यावर मोठा 'प' काढला, शेजारी 'ब'. खाली 'ड', शेजारी 'ढ'. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी कनकलता देवनागरी गिरवू लागली, आणि कीर्तनाला पुन्हा मागच्या जागी येऊन बसली. तिने रावांची ओळ पुन्हा पहिल्यांदा उचलली तेव्हा माझ्या चकत्या आपोआप थरथरल्या.

शुक्रवार उजाडला. शिक्षणाधिकारी खुर्चीत, शेजारी शेषाद्री, त्यांचे तोंड आंबट. विषय तोच. बाळकृष्णरावांनी नवा नियम सांगितला. "ज्याला उत्तर द्यायचे आहे, त्याने आधी समोरच्याचे म्हणणे स्वतःच्या तोंडाने मांडायचे. समोरचा 'होय, हेच' म्हणाला की चिपळी वाजेल. चिपळी वाजल्याशिवाय उत्तर नाही."

सांबशिव बोलला. मागच्या वेळचा राग अजून ओठांवर होता. तो खाली बसला. कनकलता उठली. मी रावांच्या मुठीत घट्ट होते. 

"सांबशिवाचे म्हणणे असे," ती म्हणाली. "वरची गावे पोटभर घेतात आणि उरले तर सोडतात. शेवटच्या गावी पाणी पोचते तोवर रोपे लावणीआधीच पिवळी पडतात. विहीर खणली तर पाणी खारट लागते. आणि सगळ्यांत वाईट हे, की वरच्यांना वाटते शेवटची गावे आळशी आहेत. मागच्या शुक्रवारी मीही तसेच बोलले."

सांबशिव उठून उभा राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "होय, हेच. मला इतके नीट सांगता आले नव्हते."

मी वाजले, मित्रांनो. देवळात हजार वेळा वाजले असेन, पण तशी कधी नाही.

मग कनकलतेने उत्तर दिले. पाणी भरपूर असेल त्या वर्षी पाळी वरून सुरू व्हावी. कमी असेल त्या वर्षी शेवटच्या गावापासून. आणि कालव्याच्या तोंडाची फळी उघडताना दोन्हीकडचा एकेक माणूस तिथे हजर असावा. तिच्याच बाजूचा एक मुलगा करवादला, "तू आमची पुढारी आहेस की त्यांची?"

उत्तर द्यायच्या घाईत तिच्या तोंडून घरचाच शब्द निघाला. "अस्क्यांची."

अस्के म्हणजे सगळे. तंजावरच्या मराठीतला हा जुना शब्द. सभेतल्या तमिळ मुलांना तो ठाऊक नव्हता. पण तिने दोन्ही हात असे काही पसरले होते, की शेवटच्या बाकापर्यंत अर्थ पोचला. सांबशिवाने पहिली टाळी वाजवली. शिक्षणाधिकारी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "दिल्लीला जाणारे नाव मला मिळाले." शेषाद्रींनी खाकरून घसा साफ केला. "गणित सोमवारी घेऊ," ते म्हणाले. "तसाही सोमवारी मुलांना झोप येते."

कनकलतेबरोबर मीही दिल्लीला गेले. तिथे नाना प्रांतांची, नाना भाषांची मुले होती. सगळी एकदम बोलत. तिसऱ्या दिवशी त्यांनी हीच मुलगी अध्यक्ष निवडली, कारण तिच्या समोर भांडायला आलेल्याला आधी शेजाऱ्याचे म्हणणे सांगावे लागे, आणि ते सांगता सांगता अर्धे भांडण विरून जाई.

दहा वर्षे गेली. ती शिकली, गावोगाव हिंडली, आणि १९६७ साली खऱ्याखुऱ्या लोकसभेवर निवडून आली. तिच्या प्रचाराला सायकल मारीत शेवटच्या गावांपर्यंत कोण फिरले असेल? सांबशिव.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात बाळकृष्णरावांचे कीर्तन होते. केस पिकले होते, आवाज थोडा थकला होता. गर्दी दाटली होती. नव्या खासदार बाई पहिल्या रांगेत बसतील म्हणून कोणी गालिचा अंथरला होता, कोणी हार आणला होता. ती आली, रामाला नमस्कार केला, गालिच्याला वळसा घालून सरळ रावांच्या मागे गेली आणि आपल्या जुन्या जागी मांडी घालून बसली.

"इथे काय करतेस गं?" राव हळूच म्हणाले. "तू आता पुढारी."

"म्हणूनच सार. ओळ सोडा."

आख्यान विभीषणाचेच होते. रावांचा आवाज एका उंच ओळीवर चिरकला, आणि मागून तिने ती ओळ अशी उचलली की सारे देऊळ डोलू लागले.

मित्रांनो, आता मी शाळेच्या कपाटात असते, पण दर शुक्रवारी मला बाहेर काढतात. माझ्या तळाशी कनकलतेने देवनागरीत एक शब्द कोरून ठेवला आहे: 'पुढे'. 'ढ' अगदी स्पष्ट. माझे मागणे एवढेच. मला काचेमागे शोभेला ठेवू नका. दुसऱ्याचे म्हणणे तुमच्या तोंडून नीट निघेल तेव्हा मला वाजवा. आणि तुमच्यातला कोणी उद्या देशाच्या पुढे उभा राहील, तेव्हा त्याच्या कानांत माझा नाद असू द्या. रामकृष्णहरी.