बराकीच्या जागेवरचं देऊळ

"आई, हळू बोल ना. लोक बघतायत," ब्रिगिदा दबक्या आवाजात म्हणाली.

"बघू देत. फाटक कुठं होतं एवढंच विचारलं मी. चोरी नाही केली."

लेओकादिया अठ्ठ्याहत्तर वर्षांची. माद्रिदमधल्या श्रीमंतांच्या चादरी धुऊन धुऊन तिची बोटं वाकडी झालेली. छत्तीस वर्षांत ती या टेकडीवर फिरकली नव्हती. तेव्हा इथं लष्कराची बराक होती आणि तिचा मुलगा बासिलिओ सक्तीच्या शिपाईगिरीचे शेवटचे पंधरा दिवस मोजत होता. यादवी युद्ध पेटलं आणि दोन-तीन दिवसांतच हल्ल्यात बराक पडली. बासिलिओ घरी आला नाही. 'येईल,' असं लेओकादिया म्हणत राहिली. तो आला तर घर बंद दिसायला नको, म्हणून ब्रिगिदानं बार्सेलोनाला निघालेल्या आपल्या नवऱ्या मुलाला नकार कळवला होता.

आता तिथं इजिप्तहून आणलेलं देऊळ उभं होतं.

"आजी, मी आलो तेव्हा इथं नुसता राडारोडा होता," पहारेकरी म्हणाला. माणूस खेड्यातला, बोलघेवडा. "आत तर या. तिकडं धरण बांधलं, हे बुडणार होतं. मग दगडन्‌दगड सोडवला, नंबर घातला, पेट्यांत भरून जहाजानं आणला."

"एकेकाला नंबर?"

"एकेकाला! पण पुढं गंमतच झाली म्हणतात. कागदांचा घोळ, नंबर जुळेनात. चांगली शिकलेली माणसं दोन वर्षं खपली. हा कुणाच्या शेजारचा, तो कुणाच्या खालचा... सगळे लावले जागेवर."

"दोन वर्षं," लेओकादिया म्हणाली आणि भिंतीला टेकली.

छत्तीस वर्षांपूर्वी प्रेतं बघायला तिला दहा मिनिटं मिळाली होती. शवागाराच्या दारातला माणूस नाकाला रुमाल लावून ओरडत होता, 'आटपा बाई, मागं रांग आहे.' जुलैचं ऊन. चेहरे राहिलेच नव्हते. ती पाय बघत पुढं सरकत होती.

पहारेकरी दुसऱ्या लोकांकडं वळल्यावर ती म्हणाली, "ब्रिगिदा, मी त्याला ओळखलं होतं."

"कुणाला?"

"डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली. माझ्या पोराचे पाय मला कळणार नाहीत? तो माणूस म्हणाला, हाच का? मी म्हटलं, नाही, हा नव्हे. हो म्हणायला जीभच उचलेना. मग त्याला इतरांबरोबर खड्ड्यात टाकलं."

बाहेर जाऊन देवळाभोवतीच्या उथळ पाण्यापाशी ब्रिगिदा बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेली बाई, खांदे आईसारखेच पुढं आलेले. आत लेओकादिया थांबली होती. जवळ जायचा तिला धीर झाला नाही.

बंद होण्याची घंटा वाजली तशी ब्रिगिदा परत आली. तिनं आईच्या कोटाची बटणं एकेक करून लावली, गळ्याशी रुमाल घट्ट केला. पायऱ्या उतरताना तिनं आईचा दंड धरला होता. तिच्याकडं मात्र पाहिलं नाही.