बत्तीस जणांची हळद

माझं डोकं लवकर तापतं, हे विचुंब्याच्या पलीकडच्या आमच्या शाळेत पहिलीच्या पोरांनाही ठाऊक आहे. त्या महिन्यात ते काड्यांनी तापवलं होतं. दहा काड्यांचा गठ्ठा म्हणजे दशक, सुट्ट्या काड्या म्हणजे एकक. मी घसा फोडून सांगायचे आणि माझी तिसरी त्या काड्यांनी तलवारबाजी करायची. बत्तीस लिही म्हटलं की तेवीस!

शेवटी मी स्वतःच चित्रांचं पुस्तक काढलं. नाव ठेवलं 'हळदीची पंगत'. लग्नाच्या हळदीला जेवून आलं नाही असं पोर माझ्या वर्गात सापडायचं नाही. पुस्तकातला नियम सोपा होता. एका पंगतीत दहाच माणसं. दहा जमल्याशिवाय पंगत बसत नाही, उरलेल्यांनी दारात थांबायचं. पाहुणे बत्तीस, म्हणजे पंगती तीन आणि दारात दोन. पहिल्याच दिवशी पोरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या आनंदात मी घरी जाताना दोन प्लेट पाणीपुरी खाल्ली.

आमचे केंद्रप्रमुख म्हात्रे साहेब मात्र फोनवर म्हणाले, "हातच्याची वजाबाकी जमते का त्यात? शुक्रवारी येऊन बघतो. जमली तर केंद्रातल्या चौदाही शाळांत तुमचं पुस्तक वाटू. नाही जमली तर आपल्या काड्या आहेतच."

शुक्रवारी वर्गात नेमकी बत्तीस पोरं होती. बाकं बाजूला सारून मी पुस्तकातल्यासारख्या तीन पंगती बसवल्या. दारात रोजच्यासारखे अंकुश आणि साळू. साळू डोंगराकडच्या वाडीतली. तिची आई भामा गावातल्या हळदींना भांडी घासायला येते. पोर फारसं बोलायचं नाही, उभं करीन तिथे उभं राहायचं.

साहेब डायरी उघडून बसले. मी शेवटचं पान उलटलं. "उष्टी हळद घेऊन दारातले सात जण टेम्पोने नवरीकडे निघाले. पण दारात तर दोनच आहेत! मग काय करायचं?" मीच ऐटीत उत्तर दिलं, "एक पंगत उठवायची!"



प्रणितच्या काकाची हळद नुकतीच झालेली. तो म्हणाला, "बाई, भरल्या पानावरनं उठवायचं? आमच्यात असं कोण करत नाय."

"अरे, हे गणित आहे!"

"गणितात पन नाय."

"माजा वडा अजून आला नाय," प्राजक्ताने समोरचं नसलेलं पान दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

साहेबांनी डायरीत काहीतरी खरडलं. माझा पारा चढला. "उठा म्हणते ना!" एकही पोर हललं नाही. उलट निशाने शेजारणीला भात वाढायला घेतला. मला चौदाच्या चौदा शाळांत काड्यांचे गठ्ठे दिसायला लागले.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "बाई, उठवू नका. बेंजो वाजवा."

साळू बोलत होती. "बेंजो वाजला का पंगत आपलीच उठते, नाचत दारात येते. मी दारात असते ना, मला दिसतं. मंग आयला भांडी घासायला उशीर होतो."

अंकुशने वाट पाहिली नाही. त्याने डब्यावर असा ठेका धरला की पहिली पंगत उठलीच! दहाच्या दहा जण नाचत दारात. प्राजक्ता वडा हातात घेऊन. दोनाचे बारा झाले, त्यातले सात पोंऽऽ पोंऽऽ करत व्हरांड्यातल्या टेम्पोत चढले. म्हात्रे साहेब शेवटी आगरी माणूस. आधी त्यांचा एक खांदा हलला, मग दुसरा, आणि मग डायरी खुर्चीवर ठेवून अख्खे साहेबच दारात उतरले.

"थांबा! किती उरले?" मी ओरडले.

प्रणितने मोजलं. "दोन पंगती, दारात सहा. सव्वीस!"

उत्तर पंचवीस हवं होतं.

"साहेबाला कशाला मोजलंस रं?" साळू खिदळत म्हणाली. "तो बत्तीसात नव्हताच!"

साहेबांनी हसता हसता घाम पुसला. "चौदा शाळा, बाई. पण हे बेंजोचं पान घाला त्यात. सोमवारी पाठवा."

मी वर्गातच दोन गिरक्या घेतल्या. शाळा सुटल्यावर साळूला थांबवून घेतलं आणि तिच्यासमोर नवं पान रंगवलं. नाचणारी पंगत, सात जणांचा टेम्पो आणि दारात हात वर केलेली, पिवळ्या फ्रॉकमधली साळू.

"ही बघ तू! तुझ्यामुळे जमलं सगळं."

तिने चित्र निरखून पाहिलं. मग एकेक पान मागे उलटत पहिल्या पानावर आली आणि दारातल्या दोघांवर बोट ठेवलं. "बाई, मी आत कवा बसनार?"

मला शरम वाटली. आठवडाभर मी तिला दारातच उभं केलं होतं, आणि तसं का केलं हे स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "अगं, पण तिन्ही पंगती भरल्यात ना. दहा-दहा झाले."

पाढे विसरणाऱ्या पोरांकडे मी जशी बघते, तशी तिने माझ्याकडे बघितलं.

"मंग बेंजो वाजवा ना, बाई."